पावतीवर नसलेले हात

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढली की एक पावती निघते. ऊस कोणत्या शेतकऱ्याचा, वाहन कोणते, तोडणी-वाहतूक कोणाची, भरलेल्या गाडीचे वजन किती, रिकामीचे किती आणि निव्वळ ऊस किती, हे सगळे तिच्यावर नोंदलेले असते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर अशी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली कारखान्यांची गावे हंगामात या पावत्यांवरच चालतात. शेतकऱ्याचे बिल, वाहतूकदाराचे भाडे, मुकादमाचे कमिशन, तोडणाऱ्या जोडप्याची मजुरी, सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यातून फुटतो. इतक्या बारकाईने मोजल्या जाणाऱ्या या व्यवहारात काही हात मात्र कधीच मोजले जात नाहीत. ते हात दहा-बारा वर्षांच्या मुलांचे असतात.

उसाच्या फडात ही मुले काय करतात, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचा कायदा समजत नाही. बाप कोयत्याने ऊस बुडातून तोडतो, पाचट सोलतो, शेंड्याचे वाढे छाटतो आणि कांड्या मागे टाकत पुढे सरकतो. त्या एका रांगेत लावायला मागे कोणीतरी लागते. दोन वाढ्यांच्या शेंड्यांची गाठ मारून तो दोर जमिनीवर आडवा पसरायचा, त्यावर कांड्या रचायच्या, मग दोन्ही टोके ओढून पीळ द्यायचा. ही झाली मोळी. पीळ द्यायला आईच्या हाताचा जोर लागतो, रचायला मात्र मूल चालते. पाचट बाजूला ओढणे, वाढ्यांच्या पेंढ्या बांधणे, त्या रस्त्याकडेला नेऊन दूधवाल्या शेतकऱ्याला विकणे, कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, पाणी आणणे, धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसणे, ही कामे हंगामभर तीच मुले करतात. यातले कोणतेही एक काम वेगळे काढून दाखवले तर पाहणारा म्हणेल, अहो, आई-बापाला हातभार लावतंय पोर, यात काय एवढं!

‘हातभार’ आणि ‘मजुरी’ यांच्यामध्ये रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न भारतीय कायद्याला सुरुवातीपासूनच सुटलेला नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतले कायदे एकापुढे एक ठेवून वाचले तर एक थक्क करणारी गोष्ट दिसते. मुलांना कामापासून वाचवणारा कायदा आला, की त्यातच एक दार उघडे ठेवलेले असते. आणि बारामती-इंदापूरचा उसाचा फड नेमका त्या दारात उभा असतो.

आधी पैशाचे गणित पाहू, कारण दार उघडे राहावे अशी ओढ तिथूनच लागते. बीड, जालना, अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास इकडे येतात. येण्याआधी, पावसाळ्यातच, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. उचल माणशी नसते, कोयत्यामागे असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असला तर अर्धा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर आला. आता समजा एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि ते रोज दोन टन ऊस तोडते. रोजचे ७३२ रुपये झाले. हंगाम १२० दिवस चालला आणि एकही खाडा पडला नाही, तरी फिटतात ८७,८४० रुपये. बारा हजारांवर बाकी उरते. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो, बाकी मुकादमाच्या वहीत पुढच्या वर्षावर चढते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते.

याच गणितात आता अकरा वर्षांचा मुलगा घाला. त्याच्या रचण्या-ओढण्यामुळे जोडप्याची तोड दिवसाला पाव टनाने वाढली असे धरा. पाव टन म्हणजे साडेएक्याण्णव रुपये, १२० दिवसांचे १०,९८० रुपये. बाकी जवळजवळ फिटते. आकडे मी नमुन्यादाखल धरले आहेत, प्रत्येक टोळीचे वेगळे असतील. पण रचना अशीच आहे. मजुरी टनावर आणि उचल जोडीवर ठरली, की हातांच्या तिसऱ्या जोडीला कोणी कामावर ठेवावे लागत नाही. कोणी मालक त्याला बोलावत नाही, कोणी त्याचा पगार काढत नाही. गणितच त्याला फडात ओढून आणते. म्हणून इथे ‘बालकामगार ठेवला’ असा आरोप सिद्ध करायचा तर कोणावर करायचा, याचेच उत्तर सापडत नाही.

आता कायद्याकडे वळू.

नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दुष्काळी मातीत पाणी आले आणि त्यामागून ऊस. त्याच दशकाच्या तोंडाशी, १८८१ साली, हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास! तेव्हा ही सुधारणा होती, आणि तीही अनेकांना जाचक वाटली. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी या कायद्यासाठी आधीपासून खटपट केली होती. गिरणीमालक विरोधात होते हे समजण्यासारखे आहे. पण राष्ट्रीय बाण्याची बरीचशी देशी वृत्तपत्रेही विरोधात होती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको आहे, म्हणून मुलांच्या कळवळ्याचे सोंग आणले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हतेच असे नाही, मँचेस्टरचा स्वार्थ होताच. तरीही गिरणीत उभ्या असलेल्या मुलाच्या बाजूने त्या भांडणात बोलणारे फार थोडे होते. त्यांतले ठळक नाव नारायण मेघाजी लोखंडे यांचे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे पाठवले. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या त्यात होत्या. १८९१ च्या दुरुस्तीने मुलांचे किमान वय नऊवर आणि कामाचे तास सातवर आले.

मला या १८८१ च्या कायद्यात सर्वांत जास्त खिळवून ठेवते ती त्यातली ‘फॅक्टरी’ची व्याख्या. शंभर माणसे कामाला हवीत, यंत्रशक्ती हवी, आणि काम वर्षातून किमान चार महिने चालायला हवे. निळीचे कारखाने आणि चहा-कॉफीच्या मळ्यांवरचे कारखाने तर नाव घेऊनच वगळले होते. म्हणजे हंगामी काम आणि शेतमळ्याचे काम ही दोन दारे पहिल्याच दिवशी उघडी ठेवली गेली. शेतीतल्या हंगामी श्रमाकडे कायद्याने पाहायचे नाही, ही सवय तिथे लागली.

तिसरे दार कुटुंबाचे. ते कसे रुंदावत गेले हे पाहण्यासारखे आहे. १९३८ च्या बालकांच्या नोकरीविषयीच्या कायद्याने विडी, गालिचे, काडेपेट्या अशा उद्योगांच्या कार्यशाळांत लहान मुलांना बंदी केली, पण कार्यशाळेचा चालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल आणि भाड्याचा एकही मजूर लावत नसेल, तर त्याला सूट दिली. सूट होती, पण चौकट घट्ट होती. १९८६ च्या बालकामगार कायद्यात हीच सूट आली तेव्हा भाड्याचा मजूर नसावा ही अट गळाली. कुटुंबाची मदत एवढेच उरले. आणि २०१६ च्या दुरुस्तीत ‘कौटुंबिक उद्योगा’ची व्याख्या आली ती अशी, की कुटुंबातल्या माणसांनी इतर माणसांना सोबत घेऊन केलेले कोणतेही काम, व्यवसाय, उत्पादन किंवा धंदा. १९३८ साली जी गोष्ट असली तर सूट मिळत नव्हती, तीच ७८ वर्षांनी व्याख्येत जाऊन बसली. शिवाय कुटुंब म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण, आणि त्यांच्या जोडीला आत्या, काका, मावशी, मामा. तोडणीच्या टोळ्या बहुतेक वेळा अशाच नात्यागोत्याच्या असतात.

२०१६ ची दुरुस्ती निव्वळ पाऊल मागे होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याआधी कायद्यातली बंदी फक्त यादीतल्या धोकादायक कामांपुरती होती. शेतीपैकी ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कापणीयंत्र चालतात ती कामे त्या यादीत होती, पण हाती कोयता घेऊन चालणाऱ्या फडात मुलाला लावायला मुळात बंदीच नव्हती. २०१६ मध्ये पहिल्यांदा १४ वर्षांखालच्या मुलांना सगळ्या कामांत बंदी आली, १४ ते १८ वयाच्या किशोरांसाठी वेगळी तरतूद झाली, मालकांची शिक्षा वाढली. ही मोठी कमाई होती. आणि त्याच कायद्यात, त्याच कलमात, शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मोकळीक आली. धोकादायक कामांची यादी १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रियांवरून तीन बाबींवर आली. खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ, आणि फॅक्टरी कायद्यातल्या धोकादायक प्रक्रिया. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारला ही यादी पुन्हा वाढवावी लागली.

ही मोकळीक कोणा एका पक्षाची नाही, हेही सांगायला हवे. २०१२ साली आधीच्या सरकारने आणलेल्या विधेयकातही शाळेनंतर कुटुंबाला मदत करण्याची सवलत होतीच. २०१३ च्या डिसेंबरात संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीने स्पष्ट सांगितले, की ही सवलत काढून टाका, कारण मूल नुसती मदत करते आहे की घरच्या कमाईत भर घालते आहे, हे ओळखणे फार अवघड जाईल. सरकार बदलले. मे २०१५ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने सवलत काढण्याऐवजी ‘कौटुंबिक उद्योग’ जोडून ती आणखी रुंद केली. देशाची सामाजिक वीण पाहावी लागते, मुले आई-बापांच्या हाताखाली धंदा शिकतात, असे कारण दिले गेले. जुलै २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली आणि १ सप्टेंबरपासून कायदा लागू झाला. कुंभाराच्या चाकापाशी बसलेल्या मुलाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून हा युक्तिवाद ऐकला तर तो पटतो. फडातल्या मुलाला मात्र कोयत्याने ऊस तोडण्याखेरीज तिथे काय शिकायला मिळते? जे शिकू नये म्हणून त्याचा बाप रक्त आटवतो, तेच.

आता खरी नवलाची गोष्ट. २०१६ ला संसदेने दार उघडले आणि जून २०१७ ला कामगार मंत्रालयाने केलेल्या नियमांनी ते जवळजवळ पुन्हा लावून घेतले. नियम म्हणतात, मुलाची मदत चालेल, पण संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही. विश्रांती सोडून दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. गृहपाठाच्या आड येणारी नाही. मोठ्या माणसाच्या बदली नाही. ज्यातून मुलाला किंवा कुटुंबाला मोबदला मिळतो असे उत्पादनाच्या किंवा पुरवठ्याच्या साखळीतले काम नाही. आणि कुटुंबाचा स्वतःचा ताबा असलेल्या उद्योगातच. या प्रत्येक अटीवर फडाला घासून पाहा. तोड पहाटे अंधारातच सुरू होते, ट्रक भरायला कधी रात्र होते. मोबदला टनावर आहे, म्हणजे मुलाने रचलेली प्रत्येक कांडी कमाईत धरली जाते. आणि शेत तर कुटुंबाचे नाहीच, ते बागायतदाराचे, ऊस कारखान्याच्या नोंदीचा. नियमांच्या भाषेत फडातल्या मुलाचा हातभार सरळ बेकायदा ठरतो. पण कायद्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, नियम कोणी वाचलेले नसतात. ‘घरच्यांना मदत चालते’ एवढेच खाली झिरपते. कायदा कमकुवत करायचा तर तो रद्द करायलाच हवा असे नाही. शंकेला जागा ठेवली, की कारवाई करणाऱ्याचा हात आपोआप थांबतो.

याच नियमांत शाळेबद्दलही एक तरतूद आहे. एखादे मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकाने ते त्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचे. हे अधिकारी जिल्हा पातळीवरचे. म्हणजे बीडच्या शाळेतून निघालेले पत्र बीडमध्येच पोचणार, आणि मूल तेव्हा इंदापूरच्या एखाद्या गावाबाहेर कोपीत. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदाही इथे कामाचा नव्हता, कारण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बारामतीला येणारा मजूर दोन-तीनशे किलोमीटरचा प्रवास करून येतो, पण महाराष्ट्रातच राहतो.

अमेरिकेतही हीच दारे आहेत, आणि तीही १९३८ सालचीच. त्या वर्षी तिथे मजुरीविषयक मोठा कायदा झाला, त्यात कारखान्यांतल्या मुलांना संरक्षण मिळाले आणि शेतातली मुले बाहेर राहिली. आजही तिथे पालकांच्या संमतीने बारा वर्षांचे मूल शाळेच्या वेळेबाहेर शेतात मजुरी करू शकते. २०२३ मध्ये आर्कान्सॉ राज्याने सोळा वर्षांखालच्या मुलांना नोकरीआधी लागणारा परवाना रद्द केला, त्यात वयाचा पुरावा तपासला जाई. आयोवाने त्याच वर्षी किशोरांचे कामाचे तास वाढवले. कारणे ओळखीची होती. मुलांना शिस्त लागते, पालकांना ठरवू द्या, कागदपत्रांचा जाच नको.

पण त्याच अमेरिकेच्या एका विसरलेल्या कायद्याने मी चकित झालो, आणि तोही साखरेचाच कायदा आहे. १९३७ चा शुगर ॲक्ट. तिथे बीट आणि ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारी अनुदान मिळत असे. कायद्याने अट घातली, की शेतात १४ वर्षांखालचे मूल राबले तर अनुदानाला कात्री लागेल. कुटुंबाच्या मुलांना सूट होती, पण पिकाची किमान ४० टक्के मालकी त्या कुटुंबाची असेल तरच. किती साधी आणि नेमकी रेघ! जो पिकाचा मालक आहे त्याच्या मुलाने शेतात हात लावला तर तो हातभार. ज्याच्या बापाला टनावर पैसे मिळतात, त्याचे मूल मजूर. फिर्याद नाही, पोलीस नाही, आई-बापाला शिक्षा नाही. पैसा जिथून वाहतो तिथेच अट लावली.

महाराष्ट्रात तशी जागा आहे. दर हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, थकली असेल तर तो अडतो. ऊसतोड कामगारांच्या नावाने गोपीनाथ मुंडे यांच्या स्मरणार्थ महामंडळ झाले आहे, त्यासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे ठरले आहेत. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे आणि गावातच हंगामी वसतिगृहे आहेत. शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवून मूल जाईल त्या गावच्या शाळेत बसू शकते. त्याआधी तेव्हाच्या औरंगाबादमधल्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवून दाखवल्या. सोमेश्वरनगरच्या तळावर ‘कोपीवरची शाळा’ भरवणारी माणसेही आहेत. म्हणजे करण्याची इच्छा आणि मार्ग दोन्ही या मातीत आहेत. उणीव आहे ती या सगळ्याला काट्यावरच्या पावतीशी, म्हणजे पैशाशी, जोडण्याची.

आणि ते जोडणे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. कारखान्याचा शेतकी विभाग प्रत्येक गटातल्या उसाची लागण तारीख, जात, क्षेत्र आणि तोडीचा क्रम नोंदवून ठेवतो. कोणती टोळी आज कोणत्या फडात आहे, हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला ठाऊक असते. मुकादमाशी करार होतो तेव्हा प्रत्येक कोयत्याची नावे आधारकार्डासकट लिहून घेतली जातात. त्याच करारात आणखी एक रकाना घालता येईल. सोबत किती मुले येणार, त्यांची वये काय, ती आत्ता कोणत्या शाळेत आहेत आणि हंगामात कोणत्या शाळेत बसणार. तो रकाना भरल्याशिवाय करार ग्राह्य नाही, आणि असे करार पूर्ण झाल्याशिवाय गाळप परवाना नाही. करार पावसाळ्यात होतात, परवाने त्यानंतर निघतात. पहिली मोळी बांधली जाण्याआधी हाताशी तीन-चार महिने असतात, तेवढ्यात बारामती-इंदापूरच्या जिल्हा परिषद शाळांना येणाऱ्या मुलांची नावे कळू शकतात.